दगड लागला असं लिहा

मोटार कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ग्राहक बसतात ती खोली आणि गाड्या दुरुस्त होतात ती शेड, या दोहोंमध्ये एक काच असते. मोठी, स्वच्छ, आरपार दिसणारी. आपली गाडी लिफ्टवर चढलेली आपल्याला बसल्याजागी दिसावी, व्यवहार कसा उघडा आहे हे पटावं, म्हणून ती बसवलेली आहे असं सांगतात. मला तसं वाटत नाही. काचेच्या पलीकडे निळ्या डगल्यात जी माणसं असतात त्यांना गाडीतलं सगळं कळतं, पण त्यांनी आपल्याशी बोलायचं नसतं. अलीकडे टाय लावून जी असतात त्यांना बोलण्याचाच पगार मिळतो, पण त्यांनी आपल्या गाडीला हात लावलेला नसतो. ज्याला कळलंय तो बोलत नाही आणि जो बोलतोय त्याला कळलेलं नाही, हे ब्रह्मज्ञानाबद्दल ऐकून होतो. ऑइल फिल्टरलाही ते लागू आहे.

अलीकडच्या माणसाला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणतात. हा बहुतेक पंचविशीतला असतो, हातात टॅब असतो आणि तो आपल्याला दर वाक्यात दोनदा ‘सर’ म्हणतो. आपली तक्रार तो ‘कस्टमर व्हॉइस’ या रकान्यात भरतो. तुम्ही सांगता, “थंडीत सकाळी डाव्या बाजूने बारीक कुरकुर येते, ऊन पडलं की जाते, आणि सासूबाई मागे बसल्या की अजिबात येत नाही.” तो लिहितो, ‘नॉइज’. मग तो आपला व्हॉइस काढतो. एसी डिसइन्फेक्शन करायचंय का, इंजिन डीकार्बनायझिंग करायचंय का, अंडरबॉडी कोटिंग करायचंय का, उंदीर वायरी कुरतडू नयेत म्हणून फवारा मारायचाय का. तुम्ही नुसतं ऑइल बदलायला आलेले असता. प्रत्येक ‘नको’नंतर तो अशा करुण नजरेने गाडीकडे बघतो की आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं औषध बंद करतोय की काय असं वाटायला लागतं. उंदराच्या फवाऱ्याला मी दर वर्षी शरण जातो. आमच्या पार्किंगमध्ये मांजरं सोळा आहेत, पण त्यांच्या हातात टॅब नाही.

यानंतर गाडीचे फोटो निघतात. पुढून, मागून, दोन्ही कुशींवरून, टपावरून, किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा. जॉब कार्डावर गाडीचं एक छापील चित्र असतं, त्यावर जिथे जिथे ओरखडे असतील तिथे तिथे फुल्या मारतात. हे सगळं आपल्या गाडीच्या काळजीपोटी चाललंय असं मला पूर्वी वाटायचं. वास्तविक आपण आत आणलेले ओरखडे बाहेर पडताना त्यांच्या खात्यावर घालू नयेत, यासाठीचा तो पंचनामा असतो. फक्त एका जागेचा फोटो काढत नाहीत. गाडीच्या पोटाचा. आणि सर्व्हिसिंगमध्ये खरं काम होतं ते नेमकं तिथे.

पोटाखाली काय असतं हे थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं महाभारत त्यावर झालं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना इंजिनाच्या खालून एक काळं प्लास्टिकचं झाकण असतं. रस्त्यावरचं पाणी, चिखल, खडी वर उडू नये आणि हवा सुरळीत मागे जावी म्हणून. इंजिनातलं जुनं ऑइल खालून सोडायचं, तर बऱ्याच मॉडेलांत हे झाकण उतरवावं लागतं. ते थोड्या बोल्टांनी आणि पुष्कळशा प्लास्टिकच्या क्लिपांनी धरलेलं असतं. क्लिप काढताना हमखास तुटते. नवी क्लिप स्टोअरमधून मागवायची तर चिठ्ठी लागते. स्टोअरवाला जेवायला गेलेला असतो आणि लिफ्टसाठी पुढची गाडी उभी असते. अशा वेळी काय होत असेल ते मी समजू शकतो. मी सरकारी नोकरीत होतो.

गाडी परत मिळाली तेव्हा चकचकीत धुतलेली होती आणि बिलाबरोबर तपासणीचा एक लांबलचक कागद होता. सगळ्या मुद्द्यांपुढे ‘ओके’ आणि शेजारी टिक. वरून खालपर्यंत सगळ्या टिका एकाच कलाने झुकलेल्या, एका दमात ओढलेल्या. त्यात ‘अंडरबॉडी फास्टनर्स’ अशीही एक ओळ होती. मी सही केली. तिथे सही न करता गाडी घरी आणलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्याच शनिवारी आम्ही साताऱ्याला साखरपुड्याला निघालो. नीरेचा पूल ओलांडून शिरवळ जवळ आलं आणि खालून फरफर असा आवाज सुरू झाला. बायको म्हणाली, “टायर गेलं.” मी म्हटलं, “टायरचा आवाज असा नसतो.” यावर आमचं थोडं शास्त्रीय मतभेदाचं बोलणं चालू असताना फरफरीचा खडखडाट झाला, मग धाडकन काहीतरी फाटलं. गाडी कडेला घेऊन बघतो तर काळं झाकण पुढून सुटून खाली लोंबत होतं, वाऱ्याने ते आत दुमडलं होतं आणि जाताजाता त्याने बंपरचा खालचा ओठ फाडून नेला होता. पुढे खंबाटकीचा घाट बाकी होता.

जवळच पंक्चरवाला होता. त्याने पोतं अंथरलं, त्यावर उताणा झाला, आत सरकला आणि तिथूनच म्हणाला, “फुडच्या क्लिपाच न्हाईत, सायेब. कुनी खोललं हुतं?”

या वाक्याची किंमत मला तेव्हा कळली नाही. पुढे टाय लावलेल्या किती माणसांनी मिळून किती वेळ खर्च केला, तरी एवढं स्वच्छ वाक्य त्यांच्याकडून आलं नाही. त्याने तारेने झाकण बांधून दिलं आणि पन्नास रुपये घेतले. एसी डिसइन्फेक्शनचं विचारलं नाही.

तो गाडीखाली असतानाच माझा फोन वाजला. आवाज गोड, पाठ केलेला. “सर, आपण नुकतीच आमच्याकडे गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. आपला अनुभव शून्य ते दहा या प्रमाणात कसा होता?” मी म्हटलं, “मी सध्या त्या अनुभवाशेजारी उकिडवा बसलोय.” ती म्हणाली, “धन्यवाद सर. म्हणजे दहा देऊ का?”

तिचा दोष नाही. या आकड्यांचं गणित निर्दयी असतं. नऊ आणि दहा देणारा खूश धरतात, सात-आठवाला कुठेच धरत नाहीत, आणि सहा किंवा त्याखाली देणारा नाराजांच्या यादीत जातो. मराठी माणसाला हे झेपणारं नाही. आपल्याकडे अप्रतिम जेवणाला ‘बरं होतं’ म्हणतात आणि पोरगा बोर्डात आला तर ‘ठीक केलंन्’ म्हणतात. फारच भारावला तर पुणेकर सात देईल, आणि सातची नोंद शून्य. म्हणून तर गाडी देतानाच अ‍ॅडव्हायझर कानाशी येऊन सांगतो, “सर, कॉल येईल, प्लीज दहाच द्या, नाहीतर माझ्या पगारावर येतं.” गाडीच्या क्लिपांपेक्षा त्या पोराची नोकरी त्या आकड्याने जास्त घट्ट धरलेली असते.

सोमवारी मी गाडी घेऊन काचेच्या अलीकडे हजर झालो. अ‍ॅडव्हायझरने वाकून पाहिलं, शिट्टी घालण्यासाठी ओठांचा चंबू केला, मग शिक्षण आठवून तो आवरला. म्हणाला, “सर, हे एक्स्टर्नल इम्पॅक्ट आहे.”

“म्हणजे?”

“बाहेरून काहीतरी लागलंय, सर.”

“काय लागलंय?”

“ते आता आम्ही कसं सांगणार, सर? गाडी तुम्ही चालवत होता.”

मग त्याने फोटो काढून दाखवले. गाडी दिली तेव्हा बंपर धड होता याचा तो पुरावा. मी म्हटलं, तो धडच होता, म्हणून तर मी आलोय. तो म्हणाला, “तेच म्हणतोय सर, आमच्याकडून धड गेला.” आम्ही दोघं एकाच फोटोकडे बोट दाखवून आपापला खटला लढवत होतो. तेवढ्यात प्रिंटरमधून खर्चाचा अंदाज आला: नवा बंपर, नवं झाकण, रंग, मजुरी, वर जीएसटी. क्लिपांचाही आकडा त्यात होता. म्हणजे त्या असतात हे त्यांना माहीत होतं.

आकडा बघून माझा चेहरा पडला असावा, कारण तो एकदम मायेने बोलायला लागला. “सर, तुम्ही कशाला खिशातून भरताय? इन्शुरन्समध्ये टाकू. कॅशलेस. तुम्ही फक्त क्लेम फॉर्मवर लिहा, दगड लागला.”

“कुठला दगड?”

“कुठलाही, सर.”

“पण दगड नव्हताच.”

“सर, हायवेला दगड असतातच.”

या युक्तिवादाला तोड नाही. हायवेला दगड असतात हे खरं. मी हायवेला होतो हेही खरं. दोन खरी वाक्यं शेजारी ठेवून त्यांच्यामधून एक खोटं सहज काढून नेता येतं, हे त्या पोराला कोणी शिकवलं कोण जाणे. पण यातली खरी कलाकुसर आर्थिक आहे. चूक वर्कशॉपची, क्लेम माझा, पैसे विमा कंपनीचे, आणि काम परत त्याच वर्कशॉपला. क्लिपा न लावण्याचं एवढं चोख व्यापारी मॉडेल मी दुसरं पाहिलेलं नाही.

विम्याचं म्हणाल तर तिथेही मलाच खड्ड्यात घालणारा हिशोब आहे. वर्षभर क्लेम केला नाही की नूतनीकरणाच्या वेळी नो क्लेम बोनस मिळतो: २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि शेवटी ५०. पायरी पायरीने चढायचं, आणि एक क्लेम केला की सापाने गिळल्यासारखं थेट तळाशी. मी ४५ वर होतो. शिवाय साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात. प्लास्टिक शेकडो वर्षं कुजत नाही म्हणून पर्यावरणवाले कपाळ बडवतात, आणि विम्याच्या लेखी मात्र शोरूमच्या दारातून बाहेर पडताच ते निम्मं मेलेलं असतं. त्यावर सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये. म्हणजे त्या अज्ञात दगडासाठी मी खोटंही लिहायचं आणि पैसेही भरायचे.

मी नाही म्हटल्यावर जॉब कार्डाची मागची बाजू पुढे आली. तिथे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की गाडी वर्कशॉपमध्ये मालकाच्या जबाबदारीवर राहील. एवढी महत्त्वाची गोष्ट एवढ्या लहान अक्षरात आणि ‘अतिथी देवो भव’ मात्र भिंतीभर.

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी काका राहतात. त्यांच्याकडे दु:ख घेऊन गेलं की ते कलम काढून देतात. हे पुण्याला शोभणारं आहे. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम १९७४ साली सुरू केलं ते याच गावात, आणि दिल्लीत ग्राहक संरक्षण कायदा व्हायला १९८६चा डिसेंबर उजाडला. मधली बारा वर्षं पुणेकर दुकानदारांशी कायद्याविनाच भांडत होते आणि कुणाचं फारसं अडलं नव्हतं.

काकांनी चहा येईपर्यंत १८७२चा करार कायदा काढला. कलम १५१. दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेतली, तर साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशा वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्यायची. मोटारीचं पेटंट कार्ल बेन्झने घेतलं १८८६ साली. म्हणजे मोटारीच्या आधी चौदा वर्षं हे कलम तयार होऊन माझ्या बंपरची वाट बघत बसलं होतं. काकांना त्यात फक्त ‘साधारण शहाणा’ या शब्दांची अडचण वाटत होती, कारण असा माणूस पुण्यात साक्षीला आणायचा कुठून?

त्याच कायद्यात पुढे कलम १७० आहे. कारागिराने काम केलं असेल तर मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क त्याला आहे. बंपर लागेपर्यंत कारागिराला अडवून ठेवायचा हक्क ग्राहकाला देणारं कलम आम्ही दोघांनी शोधलं. नाही.

‘मालकाच्या जबाबदारीवर’ या मजकुराने काका अजिबात घाबरले नाहीत. त्यांनी मला दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलचा खटला सांगितला. १९९८ साली एका पाहुण्याने आपली मारुती झेन तिथल्या व्हॅलेच्या हाती दिली आणि ती चोरीला गेली. पावतीवर छापलेलं होतंच की गाडी मालकाच्या जबाबदारीवर. प्रकरण राज्य आयोगापासून चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१९मध्ये निकाल लागला: गाडी ताब्यात घेतल्यावर मुळात निष्काळजीपणा तुमचाच असेल, तर पावतीवरच्या छापील ओळीमागे लपता येणार नाही. ऐकून मला स्फुरण चढलं. मग मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि ते उतरलं. एकवीस वर्षं. तेवढ्यात झेनचं उत्पादनही बंद पडलं होतं.

“तसं नाही,” काका म्हणाले. “आता २०१९चा नवा कायदा आहे, २० जुलै २०२०पासून लागू. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन जाते. दोन वर्षांची मुदत आहे. आणि निकाल तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत.”

“लागतो?”

“तसा प्रयत्न करावा, असं कायद्यात लिहिलंय.”

यावर आम्ही दोघंही गप्प चहा प्यायलो. आयोगात जायच्या आधी १९१५ला फोन कर, काका म्हणाले; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मी केला, तक्रारीचा क्रमांक मिळाला. सर्व्हिस सेंटरच्या नुसत्या ‘सर, बघतो’पेक्षा क्रमांक बरा, तो निदान लिहून ठेवता येतो.

पण काकांचं खरं कर्तृत्व वेगळंच होतं. ते धोतर सावरून पार्किंगमध्ये उतरले आणि फाटकं झाकण मला उजेडात धरायला लावलं. म्हणाले, भोकं बघ. मागच्या बाजूला क्लिपा जिथे होत्या तिथलं प्लास्टिक ओरबाडून फाटलं होतं, भोकं लांबट झाली होती, एकदोन क्लिपांची मुंडकी अजून लटकत होती. पुढच्या रांगेतली भोकं मात्र गोल, गुळगुळीत. क्लिप असती आणि ओढीने उखडली असती तर भोक फाटलं असतं. तिथे धरायला काही नव्हतंच, मग फाटणार काय? दगडाने क्लिपा अशा अलगद काढल्या असतील तर तो दगड सर्व्हिस सेंटरने नोकरीवर ठेवावा, असं काका म्हणाले. बँकेत चाळीस वर्षं बनावट सह्या तपासण्यात गेली, त्याचा हा फायदा.

ते झाकण काखोटीला मारून आम्ही वर्क्स मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. मॅनेजर भला माणूस होता. भला म्हणजे तो बोलताना टेबलावरच्या पेपरवेटला सारखा गोल फिरवत होता आणि आमच्याकडे बघायचं टाळत होता. त्याने ‘एक्स्टर्नल इम्पॅक्ट’ म्हटलं, आम्ही भोकं म्हटलं. त्याने ‘हायवे कंडिशन’ म्हटलं, आम्ही त्यांचाच टिकांचा कागद पुढे केला. फास्टनर्स ओके असतील तर पुढची भोकं गोल कशी, आणि ओके नसतील तर टिक कुणाची? पेपरवेट थांबला.

आणि इथे त्याच्या हातून ती चूक झाली. आम्हाला तांत्रिकदृष्ट्या गप्प करावं म्हणून त्याने इंटरकॉम उचलला आणि काचेच्या पलीकडून सगळ्यात जुन्या मेकॅनिकला बोलावून घेतलं.

पन्नाशीचा गृहस्थ, हात कापसाच्या बोळ्याने पुसत आला. त्याला कुणी पार्श्वभूमी सांगितली नाही. मॅनेजरने झाकण पुढे केलं आणि विचारलं, “काय वाटतं, इम्पॅक्ट ना?” त्याने झाकण उलटसुलट केलं, अंगठ्याने भोकं चाचपली आणि शेडमध्ये पोरांना हाक मारतात त्याच आवाजात म्हणाला, “कसला इम्पॅक्ट? पुढच्या क्लिपा लावल्याच नाहीत की. ह्या बॅचच्या पोरांना मी रोज सांगतो, स्टोअरला माल नसेल तर निदान बोल्ट तरी आवळा. कुणाची गाडी आहे?”

केबिनमध्ये इतकी शांतता पसरली की एसीची घरघर ऐकू यायला लागली. अ‍ॅडव्हायझर टॅबमध्ये तोंड खुपसून बसला. काकांनी मात्र त्या मेकॅनिकला उठून नमस्कार केला. तो गोंधळून परत गेला. तो आत जाताच दार फार हलक्या हाताने लावून घेण्यात आलं. मला पुढे बरेच दिवस चिंता होती की त्या माणसाचं काय झालं असेल. पण चौकशी केली तेव्हा कळलं की तो गेला तर निम्म्या गाड्या लिफ्टवरून उतरणार नाहीत, म्हणून त्याला काही झालं नाही. त्याला केबिनमध्ये बोलवायचं तेवढं बंद केलंय.

मग तह सुरू झाला. चूक झाली हे वाक्य मात्र कुणीही उच्चारलं नाही. मॅनेजर म्हणाला, “तुम्ही आमचे जुने कस्टमर आहात, सर. आम्ही गुडविल म्हणून करून देऊ.” बंपर गुडविलमध्ये, झाकण गुडविलमध्ये. रंगाची मजुरी निम्मी तुमच्याकडे, असं तो चाचरत म्हणाला, तेव्हा काकांनी नुसतं ते गोल भोक डोळ्याला लावून त्याच्याकडे पाहिलं. रंगही गुडविलमध्ये गेला.

बदल्यात मी हेल्पलाइनवरची तक्रार मिटल्याचं कळवायचं ठरलं. ते मी गाडी हातात आल्यावर, पोटाखाली बॅटरी मारून, एकेक क्लिप बोटाने दाबून बघितल्यावर कळवलं. तिथल्या फरशीवर आडवा पडलेला बघून दोन गिऱ्हाइकांनी मला मेकॅनिक समजून आपल्या गाडीचा नॉइज सांगितला. काचेच्या अलीकडे त्यांना आडवा झालेला पहिलाच माणूस भेटला होता.

बिल शून्य रुपयांचं आलं. शून्य असलं तरी रीतसर, सगळे रकाने भरलेलं. पार्ट्स, मजुरी, कर, शंभर टक्के सूट. तळाशी ‘कामाचं कारण’ असा एक रकाना होता. तो कोरा सोडून चालत नाही, सिस्टिम पुढे जात नाही. त्यात छापलं होतं, ‘कस्टमर रिक्वेस्ट’. म्हणजे सगळं ठीकठाक असताना मला नवा बंपर घालून मिरवायची हौस आली होती आणि त्यांनी ती मोठ्या मनाने पुरवली होती. मी सही केली.

“सर,” अ‍ॅडव्हायझर कानाशी आला, “कॉल येईल.”